एकच इमेज, चाळीस संगणक: एसआयडीच्या वादाची पार्श्वभूमी

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि लॅबमध्ये विंडोज 11 ची इमेज (एका तयार संगणकाच्या डिस्कची हुबेहूब प्रत) मारायची कामं निघाली. त्याच सुमारास एक नवी तक्रार सुरू झाली. एकाच इमेजवरून तयार केलेले संगणक एकमेकांना दाद देईनात. शेअर केलेलं फोल्डर उघडेना, पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जाई, रिमोट डेस्कटॉप जोडला जाईना. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 6167 क्रमांकाची नोंद दिसे. नेटवर्क केबल आणि स्विच तपासण्यात ज्यांचे दिवस गेले, त्यांना याचं मूळ, म्हणजे एकाच इमेजमुळे सगळ्यांवर सारखाच उतरलेला एसआयडी (विंडोजची संगणकासाठीची सुरक्षा-ओळख), किती जुनं आहे ते कळायला हवं.

नेटवर्कवरून संगणक चालू करण्याची कल्पना विंडोजच्या आधीची. फाइल पोचवणारं टीएफटीपी 1981 चं, संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता देणारं बूटपी 1985 चं, त्याच कामाचं डीएचसीपी 1993 चं. नॉव्हेल कंपनीचं नेटवर्क असलेल्या लॅबमध्ये हार्ड डिस्क नसलेले संगणक कार्डावरच्या बूट रॉमच्या भरवशावर चालत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या पीएक्सईने हेच जुने तुकडे एका मानकात बसवले.

आमच्या पिढीचं खरं शिक्षण विंडोज एक्सपीच्या काळात झालं. पुण्यातल्या लॅबमध्ये तेव्हा तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेले असेंबल्ड संगणक असायचे. पहिल्या खरेदीतले वीस एका मदरबोर्डचे, पुढच्या वर्षीचे वीस दुसऱ्या. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं घोस्ट हे इमेज मारायचं हाताशी असलेलं साधन. 2 जीबीची इमेज तीस संगणकांना वेगवेगळी पाठवायची तर 60 जीबी वाहतूक. 100 एमबीपीएसच्या नेटवर्कवर आदर्श स्थितीतही सव्वा तासाच्या वर. मल्टिकास्टने तीच इमेज एकदाच सोडायची आणि सगळ्यांनी एकदम घ्यायची. पण मदरबोर्ड बदलला की डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर जुळत नसे आणि 0x0000007B ची निळी स्क्रीन यायची. म्हणून प्रत्येक खेपेच्या संगणकांसाठी वेगळी इमेज ठेवावी लागे. विंडोज व्हिस्टासोबत इमेज ठेवायची विम फाइल आली, इमेज संगणकावर न बसवता तिच्यात ड्रायव्हर घालता येऊ लागले आणि हे दुखणं बरंच कमी झालं.

एसआयडीचं दुखणं मात्र तसंच राहिलं. विंडोज बसवताना प्रत्येक संगणकाला एक सुरक्षा-ओळख मिळते; त्यावरच्या स्थानिक खात्यांचे क्रमांक तिच्यापासूनच बनतात. क्लोन केला की ही ओळखही जशीच्या तशी उतरते. घोळ इथेच होतो, कारण डोमेनमध्ये (एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या संगणकांच्या गटात) सामील झालेल्या संगणकाला डोमेनकडून आणखी एक एसआयडी मिळतो. बोलताना दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. अधिकृत नियम स्पष्ट होता: इमेज घेण्याआधी सिसप्रेप (संगणकाच्या खास खुणा पुसणारं विंडोजचंच साधन) चालवा. पण सिसप्रेप किचकट. त्यामुळे क्लोन झाल्यावर न्यूएसआयडी नावाच्या छोट्या साधनाने ओळख बदलण्याची पद्धत रुळली. त्यामुळे क्लोन झाल्यावर न्यूएसआयडी नावाच्या छोट्या साधनाने ओळख बदलण्याची पद्धत रुळली.

न्यूएसआयडी ज्या तज्ज्ञाने लिहिलं होतं, त्यानेच नोव्हेंबर 2009 मध्ये ते मागे घेतलं. तेव्हा तो विंडोज बनवणाऱ्या कंपनीतच होता. त्याचं म्हणणं असं: संगणकाचा स्वतःचा एसआयडी त्या संगणकाच्या बाहेर जातच नाही, त्यामुळे तो दोन संगणकांवर सारखा असला तरी सुरक्षेला धोका नाही, डोमेन सांभाळणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, हा अपवाद. त्याने हेही सांगितलं होतं की सिसप्रेपचा नियम कायम आहे, कारण इमेजमधून एसआयडीखेरीज इतरही गोष्टी दुहेरी होतात. अपडेट सर्व्हरच्या यादीत चाळीस संगणक एकच दिसणं हा त्यातलाच प्रकार. हे दुसरं वाक्य फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. पहिलं मात्र सोळा वर्षं पुराव्यासारखं वापरलं गेलं, आणि मला वाटतं त्यात लॅब सांभाळणाऱ्यांचा आळस शोधणं अन्यायाचं आहे. नियम उभा ठेवून त्यामागचं सर्वांना माहीत असलेलं कारणच खोटं ठरवलं, तर घाईतला माणूस नियम सोडणारच.

29 ऑगस्ट 2025 पासूनच्या अपडेटने विंडोज 11 च्या 24एच2 आणि 25एच2 आवृत्त्यांत, तसंच सर्व्हर 2025 वर, ही ओळख प्रमाणीकरणाच्या वेळी तपासायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचा एसआयडी सारखा आढळला की केर्बेरॉस आणि एनटीएलएम या विंडोजच्या ओळख पटवण्याच्या दोन्ही पद्धती नकार देतात. तात्पुरता मार्ग म्हणून एक ग्रुप पॉलिसी (अनेक संगणकांना एकदम लावता येणारी सेटिंग) आहे, पण ती कंपनीच्या सपोर्टकडे मागावी लागते. कायमचा उपाय एकच सांगितला आहे: सिसप्रेप केलेल्या इमेजवरून ते संगणक पुन्हा उभे करणं. त्यातही विंडोज 11 च्या डिस्कवरची बूट फाइल घेऊन जुन्या डब्ल्यूडीएसमधून (नेटवर्कवरून विंडोज बसवणाऱ्या सर्व्हर-सेवेतून) थेट इन्स्टॉल करायची वाट कंपनीने आधीच बंद केली आहे, म्हणजे ज्यांची सगळी घडी पीएक्सई आणि डब्ल्यूडीएसवर बसलेली होती त्यांना इमेजबरोबर ती पोचवण्याची पद्धतही नव्याने लावावी लागते, आणि तीही सेमिस्टर चालू असताना.