सेझानची दगडखाण

दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांस शहराच्या पूर्वेला बिबेमूस नावाची जुनी दगडखाण आहे. रोमन काळापासून इथून दगड निघत होता. शहरातल्या जुन्या हवेल्यांचा पिवळसर दगडही इथलाच. खाण ओस पडल्यावर, १८९५ मध्ये, चित्रकार पॉल सेझानने इथे एक लहानशी खोली भाड्याने घेतली आणि १९०४ पर्यंत ती स्वतःकडे ठेवली.

हा दगड समुद्रतळावर तयार झाला. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा थरावर थर साचत गेला, चुन्याने सांधला गेला. पाथरवटांनी त्यातून चौकोनी चिरे काढले आणि मागे उरल्या सरळसोट भिंती, पायऱ्या, कोनाडे. डोंगराचे पोट उघडे पडले. अशा जागी उभे राहिले की क्षितिज दिसत नाही. समोर दिसतात ती फक्त प्रतलं, उन्हात उजळलेली किंवा सावलीत गेलेली.

दगडाचा रंग लोहामुळे. गोएथाइट या खनिजाने पिवळा, हेमॅटाइटने लाल. गोएथाइट तापवला की त्याच्या रचनेतले पाणी निघून जाते आणि हेमॅटाइट उरतो. पिवळ्या मातीचा भाजून गेरू होतो तो असा. चित्रकारांचा पारंपरिक यलो ऑकर हा पिवळा रंगही गोएथाइटचाच. म्हणजे समोरच्या भिंतीत आणि पॅलेटवर एकच खनिज! मला तरी या चित्रांमधली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

सेझानचा तरुणपणापासूनचा मित्र फोर्तुने मारिओं हा भूवैज्ञानिक. सेझानच्या एका वहीत मारिओंच्या हातच्या भूस्तरांच्या आकृत्या सापडतात. त्यामुळे खडकांकडे पाहणारी सेझानची नजर नुसती रंगांवर भाळलेली नव्हती, असे मानायला जागा आहे. बाल्टिमोरच्या संग्रहालयातले त्याचे १८९७ च्या सुमाराचे चित्र पाहा. खाणीच्या केशरी भिंतीमागे सेंत-व्हिक्त्वार हा चुनखडीचा करडा डोंगर थेट उभा ठाकतो. मधली दरी गायब आहे, आणि डोंगर प्रत्यक्षात दिसतो त्याहून मोठा, जवळ आला आहे.

१९०६ मध्ये सेझान गेला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. १९०८ मध्ये चित्रकार जॉर्ज ब्राकने, सेझाननेही रंगवलेल्या लेस्ताक गावात, घरे आणि झाडे ठोकळ्यांसारखी रंगवली. ब्राक सगळ्याचे 'घन' (क्यूब) करून टाकतो, असे समीक्षक लुई व्होसेल्सने लिहिले. वस्तू ठोकळ्यांसारख्या आकारांत मांडणाऱ्या चित्रसंप्रदायाचे क्यूबिझम हे नाव त्याच शब्दावरून रुळले. एकट्या खाणीने हा संप्रदाय घडवला असे मी म्हणणार नाही, पण बिबेमूसमध्ये ते ठोकळे पाथरवटांनी आधीच कापून ठेवले होते.