शालेय ग्रंथालयातील ई-पुस्तके व श्राव्य पुस्तके (वडोदरा)

शाळेच्या ग्रंथालयात छापील पुस्तकांच्या बरोबरीने ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके (ऑडिओबुक) वापरण्याची पद्धत. छापील पुस्तक काढून टाकणे हा तिचा हेतू नव्हे. एकच मजकूर मुलाला वाचता, ऐकता किंवा दोन्ही एकदम करता यावे, एवढ्यासाठी ती आहे.

वडोदऱ्याला, म्हणजे जुन्या बडोद्याला, ही कल्पना परकी वाटू नये. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिकलेली मुले पुढे वाचती राहावीत म्हणून 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. जादूच्या कंदिलाचे (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणाऱ्या दिव्याचे) खेळ दाखवणारी शाखाही याच ग्रंथालय खात्यात होती. ग्रंथालय म्हणजे केवळ कागद नव्हे, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

येथील मराठी घरांतली बरीच मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी सराईत बोलतात, पण मराठी पुस्तक हाती दिले की अडखळतात. गुजराती लिपीत शिरोरेघ नसते आणि क, ख, च, ज, झ, फ, ब यांची वळणे वेगळी असतात. हिंदीमुळे देवनागरी ओळखीची झाली, तरी उच्चाराची अडचण उरतेच. ‘चिमणी’तला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एकच, बोलायला वेगळा; ‘जीव’ आणि ‘जाळे’ यांचेही तसेच. हा फरक पानावर दिसत नाही, तो कानानेच कळतो. म्हणून पुस्तक समोर उघडे, कानाला हेडफोन आणि ओळीखाली बोट, ही बैठक येथे सर्वांत उपयोगी ठरते. ‘चाक’ हा शब्द हिंदीच्या वळणाने वाचून थांबलेले मूल तोच शब्द कानावर पडताच आजीच्या तोंडचा म्हणून ओळखते, आणि बोट पुढे सरकते.

मोफत साहित्य पुष्कळ आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. प्रथम बुक्सच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील मराठी चित्रकथा मुक्त परवान्याच्या असल्याने छापून वाटताही येतात. दृष्टिबाधित मुलांसाठी 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानेच अशा मुलांना वापरता येतील अशा सुलभ प्रती करण्याची मुभा दिली आहे. या मुलांना श्राव्य पुस्तक पूरक नसते, तेच त्यांचे पुस्तक असते. ग्रंथपालाने हे विसरू नये.

विकतच्या साहित्यात मात्र जपून पाऊल टाकावे लागते. छापील प्रत एकदा घेतली की शाळेची होते. ई-पुस्तकाचा बहुधा परवानाच मिळतो, त्याला मुदत असते आणि अनेकदा एका वेळी एकच वाचक चालतो. वैयक्तिक वर्गणीचे ऑडिओबुक ॲप वर्गाला लावणे अटींत बसतेच असे नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी साहित्य कॉपीराइटमधून मुक्त होते. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे लेखन 1 जानेवारी 2011 पासून मुक्त आहे. त्याचे ध्वनिमुद्रण मात्र स्वतंत्र हक्काचे असते. असा मुक्त मजकूर शाळेतल्या बाईंनी किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या आजीने वाचून ध्वनिमुद्रित करावा, हा सर्वांत चांगला मार्ग. बडोद्याची मराठीही त्यात आपसूक टिकते. त्यासाठी फोन पुरतो. 64 केबीपीएस दर्जाचे तासभराचे वाचन सुमारे 29 एमबी भरते, त्यामुळे पेनड्राइव्हवर ठेवून इंटरनेटशिवायही ऐकवता येते.

ई-पुस्तक निवडताना ईपब (पडद्याच्या आकाराप्रमाणे मजकूर मांडणारा फाइल-प्रकार) बरे. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप जुळतात. स्कॅन केलेले पीडीएफ छोट्या पडद्यावर सारखे सरकवावे लागते, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला धड वाचता येत नाही. अभ्यासाचे माहितीपर वाचन कागदावर अधिक नीट समजते, असे 54 अभ्यासांच्या 2018 मधील एकत्रित विश्लेषणात दिसले. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. धडा कागदावर आणि गोष्ट कशावरही, अशी विभागणी त्यामुळे रास्त वाटते.

नोंदणीत छापील व श्राव्य आवृत्त्या एकाच नोंदीखाली ठेवतात. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला क्यूआर कोड चिकटवला की कपाटातून पुस्तक काढणाऱ्या मुलालाच त्याचा आवाज सापडतो.