रिआस बायशास : खाडीकाठची वाईन

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसियातील मुख्यतः पाँतेवेद्रा प्रांतात पसरलेला द्राक्षप्रदेश. नावाचा अर्थ ‘खालच्या खाड्या’. नद्यांच्या दऱ्या समुद्राखाली जाऊन अटलांटिकचे पाणी इथे थेट गावांपर्यंत आत आले आहे. या पट्ट्याला 1988 साली मूळस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला, म्हणजे हे नाव फक्त इथल्याच वाईनला लावता येते. लागवडीत आल्बारिन्यो या पांढऱ्या द्राक्षाचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक आहे.

वर्षाला सुमारे 1600 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी द्राक्षबाग लावायचे धाडस नाशिक-सांगलीचा बागायतदार सहसा करणार नाही. मात्र इथे महत्त्वाचे आहे ते पाऊस कधी पडतो हे. त्याचा मोठा भाग हिवाळ्याच्या आगेमागे पडतो आणि घड भरतात तो उन्हाळा त्यामानाने कोरडा जातो. कोकणात ऐन उष्म्यात धो धो पाऊस कोसळतो, म्हणून समुद्र शेजारी असूनही हे गणित तिथे जमत नाही.

समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्यामुळे हिवाळ्यात दव गोठवणारी थंडी क्वचितच पडते आणि उन्हाळ्यात ऊन चटका देत नाही. मणी हळूहळू पिकतात. कडक उन्हात द्राक्षातले मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते, इथे ते बरेचसे टिकून राहते. आल्बारिन्योचा तरतरीत आंबटपणा त्यातूनच येतो. चवीत जाणवणारा खारटपणा थेट वाऱ्यातल्या मिठाचा, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

दमट हवेचा उपद्रवही मोठा. डाऊनी, भुरी आणि घडकूज या बुरशीजन्य रोगांचे भय कायम असते. त्यावर इथल्या शेतकऱ्यांनी काढलेला उपाय मला या प्रदेशाची सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ग्रॅनाइटच्या खांबांवर साधारण पुरुषभर उंचीचा मांडव घालून वेल त्यावर चढवतात. घड ओल्या जमिनीपासून दूर लोंबतात आणि समुद्रावरून येणारा वारा खालून खेळता राहून पाने-मणी वाळवतो. सप्टेंबरच्या तोडणीत माणसे मांडवाखाली हात वर करून एकेक घड कापतात. आपल्याकडच्या मांडवाखाली काम केलेल्याला ही मान अवघडणे नव्याने सांगावे लागणार नाही. आल्बारिन्योची जाड सालही कुजीपुढे काहीसा टिकाव धरते आणि ग्रॅनाइटची वाळूसर माती पाणी साचू देत नाही.

समुद्राचा हात सगळीकडे सारखा पोहोचत नाही. काठावरच्या व्हाल दो साल्नेस उपविभागात हवा सर्वांत थंड व ओली, वाईन धारदार. मिन्यो नदीकाठाने आत गेलेल्या कोंदादो दो तेआमध्ये उन्हाळा तापतो, फळ अधिक पिकते आणि वाईनला भरदारपणा येतो. नदीपलीकडे, पोर्तुगालमधील मोन्सांव-मेल्गासू भागात हेच द्राक्ष ‘आल्व्हारिन्यू’ नावाने पिकते.

व्हाल दो साल्नेसमधील कांबादोस गावी 1953 पासून ऑगस्टमध्ये आल्बारिन्योचा उत्सव भरतो. सोबतीला याच खाड्यांमध्ये, तरंगत्या तराफ्यांना दोर बांधून वाढवलेले शिंपले असतात.