सोलरचं गरम पाणी नळाला येईना? आधी पाइपातली हवा काढून बघा

कडक ऊन पडलंय, गच्चीवर सोलरच्या टाकीतून निघणारा पाइप हाताला चटका देतोय, पण खाली न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडला की नुसती फुरफुर, एखादी पिचकारी, आणि मग काहीच नाही. सोलर बिघडला म्हणून आम्हाला फोन येतो. बहुतेक वेळा सोलर धड असतो. पाइपात हवा धरलेली असते. हे काम घरच्या घरी होण्यासारखं आहे, म्हणून हे पत्रक.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे ही तक्रार जास्त. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की सोलरची लाइनही रिकामी होते. पुन्हा पाणी आलं की पाइपातल्या उंच जागी हवा अडकून बसते. टाकी कधीच रिकामी होत नसली तरी हवा साठू शकते, कारण थंड पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापलं की बाहेर पडते. पातेल्याच्या बुडाशी उकळी येण्याआधी बुडबुडे दिसतात ते हेच.

सोलरच्या पाण्याला मागून ढकलायला सहसा पंप नसतो. उंचीच्या एका मीटरमागे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 0.1 किलो, एवढाच दाब. म्हणून स्लॅबच्या लगेच खालचं न्हाणीघर आधी बंद पडतं आणि तळमजल्याला पाणी चालू राहतं.

हवा काढायची ती सकाळी लवकर. गच्चीवरची टाकी भरलेली आहे आणि सोलरचे व्हॉल्व्ह उघडे आहेत, हे आधी बघा. मग सगळ्यात खालचा गरम नळ पूर्ण सोडा, कारण तिथे दाब जास्त असतो. फुरफुर थांबून धार सलग झाली की वरच्या मजल्याचे नळ सोडा. तरीही नाही जमलं, तर मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र येणाऱ्या नळाचं तोंड जाड ओल्या फडक्यानं घट्ट दाबून धरा आणि दोन्ही बाजू थोडा वेळ उघडा. थंड पाणी गरम लाइनीत उलटं शिरून हवेला वर ढकलतं. त्या वेळी गच्चीवर व्हेंटजवळ, म्हणजे सोलरच्या टाकीवरून उभ्या गेलेल्या पाइपाजवळ, कुणी थांबू नये, तिथून गरम पाणी उडू शकतं. मिक्सरच्या गरम बाजूला एकतर्फी व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर हा उपाय चालणार नाही.

सोलरच्या टाकीवरून उभा गेलेला व्हेंट पाइप काही जण पाणी गळतं म्हणून लाकडी बूच मारून बंद करतात. कृपा करून असं करू नका. आत हवा शिरायला वाट नसली तर पाणी उपसताना टाकी आत चेपते, आणि चेपलेली टाकी दुरुस्त होत नाही. पाणी गळत असेल तर व्हेंट गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यायला हवा.

काचेच्या नळ्यांचा सोलर कोरडा पडला असेल तर दुपारी पाणी सोडू नका. उन्हात रिकाम्या नळ्या 200 अंशांच्याही वर तापतात. त्यांवर गार पाणी पडलं की काच तडकते. सूर्य उगवायच्या आधी भरा, किंवा नळ्या झाकून पूर्ण निवल्यावर. टाकी भरेपर्यंत सोलरच्या टाकीतलं विजेचं बॅकअप (हीटर) बंदच ठेवा, नाहीतर कॉइल जळते.

दर काही दिवसांनी हवा धरत असेल तर दोष पाइपाच्या वाटेत आहे. कठड्यावरून किंवा दारावरून पाइप वर चढवून पुन्हा खाली उतरवला असेल तर त्या कुबडात हवा बसणारच. टाकीपासून नळापर्यंत पाइप सतत उतरता हवा. ते शक्य नसेल तर उंच जागी हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवता येतो. घर बांधत असाल तर गवंडी भिंत फोडायच्या आधीच प्लंबरला ही वाट आखायला सांगा. फरशी बसल्यावर हेच काम महागात पडतं.

धार मात्र महिन्या-महिन्यानं बारीक होत गेली असेल तर हवा नव्हे, बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचलाय. त्याला ॲसिडनं धुणं हाच उपाय, आणि ते काम आमच्याकडून करून घ्या. फोन करताना गच्चीवरच्या पाइपांचा आणि व्हेंटचा फोटो पाठवला तर योग्य सामान घेऊनच आमचा माणूस येईल.