केसपेपर स्कॅन करणे म्हणजे मानकांची पूर्तता नव्हे

केसपेपर स्कॅन करून संगणकात ठेवला की इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांची पूर्तता झाली, हा जुना समज सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. स्कॅन हे केवळ चित्र असते. त्यावरची ‘साखर १४०’ ही नोंद उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हे दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकाला कळत नाही, आणि मिरजेत तपासून पुण्याला गेलेल्या जतच्या रुग्णाला तीच तपासणी पुन्हा करावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६ च्या सुधारित मानकांत निदानाच्या वर्गीकरणासाठी आयसीडी-१० आणि तपासण्यांसाठी लॉइंक या संकेतप्रणाली, म्हणजे प्रत्येक निदानाला किंवा तपासणीला ठरावीक संकेतांक देणाऱ्या याद्या, दिल्या आहेत. उपाशीपोटीच्या साखरेचा लॉइंक संकेतांक १५५८-६ आहे. स्कॅन अर्थात जपावाच, पण संकेतांकित नोंदीच्या जोडीला.