टेंडन जुळलं, पण सरकतंय का?

आंबा कापताना सुरी निसटते आणि बोटाच्या मुळाशी खोल घाव बसतो. कातडी दोन आठवड्यांत भरून येते, बोट मात्र वाकत नाही. ‘शीर तुटली’ असं आपण म्हणतो. तुटलेलं असतं ते टेंडन, स्नायूची ओढ बोटापर्यंत पोचवणारी पांढरी दोरी.

डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि उजवी मूठ उघडझाप करा. त्या दोऱ्या सरकताना हाताला लागतात. बोटात त्या एका अरुंद, ओलसर म्यानातून जातात. बोटाच्या मुळाशी एकाच म्यानात दोन टेंडन असतात आणि जागा अगदी तसूभर. तिथे टाके घातले की टेंडन, म्यान, हाड सगळं एकाच व्रणात अडकायचं. म्हणून अमेरिकन हातशल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’, म्हणजे कुणी पाऊल टाकू नये अशी जागा म्हटलं. १९६७ साली हॅरोल्ड क्लाइनर्ट या सर्जननी आणि सहकाऱ्यांनी तिथेही लगेच टाके घालून चांगले निकाल दाखवले.

पण जुळण्यासाठी टेंडनला शेजाऱ्यांना चिकटावंच लागतं का? स्वीडनच्या लुंडबोर्ग यांनी सशाच्या टेंडनचा तुकडा त्याच्याच गुडघ्याच्या वंगणात मोकळा ठेवला. तो कुणालाही न चिकटता भरून आला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

मग फाटलेल्या म्यानाला ठिगळ लावण्याचे प्रयत्न झाले. कुणी रक्तवाहिनी (खरीखुरी शीर) उभी चिरून तिची गुळगुळीत आतली बाजू टेंडनकडे ठेवली, कुणी मनगटाच्या पाठीवरच्या पट्ट्याचा तुकडा वापरला, कुणी सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. ठिगळ घट्ट बसलं तर सुजलेलं टेंडन आतच आवळलं जातं. त्यामुळे म्यान पूर्ण बंद करण्याचा आग्रह आता पुष्कळसा मागे पडलाय. टेंडनला हाडालगत धरून ठेवणाऱ्या मुख्य कप्प्या मात्र जपतात.

म्यानच उरलं नसेल तर? फिलाडेल्फियाच्या जेम्स हंटर यांची १९७१ सालची पद्धत इथे कामी येते. बोटात सिलिकॉनची लवचीक कांडी बसवायची आणि बोट हलवत ठेवायचं. सुमारे तीन महिन्यांत शरीर त्या कांडीभोवती स्वतःच नवं, गुळगुळीत म्यान विणतं. मग रुग्णाचंच दुसरीकडचं टेंडन कांडीच्या टोकाला बांधतात आणि कांडी ओढून काढतात. नाडी ओवावी तसं ते नव्या म्यानात सरकत जातं.