पोर्टवाल्या पेशंटला हिव भरलं की मलेरियाच समजू नका

आपल्याकडे खर्र्यापायी (सुपारी-तंबाखूच्या) तोंडाचा कॅन्सर झालेले पेशंट नागपूरहून केमो घेऊन एसटीनं गावी येतात, तेव्हा काहींच्या छातीत वरच्या बाजूला कातडीखाली एक लहानशी डबी बसवलेली असते, तिला पोर्ट म्हणतात, नाहीतर मग दंडातून बाहेर आलेली बारीक नळी, म्हणजे पिक लाइन असते. दोन्हीची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते, त्यामुळं दरवेळी हाताची नस शोधत बसावं लागत नाही अन् औषधानं नस जळतही नाही.

आता भानगड अशी की या नळीच्या आतून जंतूंचा चिकट थर बसतो, ठिबकच्या नळीत शेवाळ धरते तसा, अन् त्या थराच्या आतले जंतू अँटिबायोटिकला सहजासहजी दाद देत नाहीत. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गाठी होण्याकडे आधीच कल असतो, म्हणून नळीच्या टोकाशी गाठ धरली की जंतू तिच्यात घर करतात. तिचे तुकडे सुटले तर जातील कुठं? शिरेतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून आधी फुफ्फुसातच जातं, मग ते तुकडे तिथल्या बारीक नळ्यांत अडकतात, तिथं पू होतो, पोकळ्या पडतात, कधी फुफ्फुसाच्या भोवती पू साचतो अन् दम लागून पेशंट व्हेंटिलेटरवर जातो.

गावात चुकतं ते इथंच. थंडी वाजून ताप आला की मलेरियाची तपासणी, पॅरासिटामॉल अन् एक सलाईन, झालं. मलेरिया तपासाच, त्यात वाईट काही नाही, पण पोर्टमध्ये सलाईन सोडल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली तर संशय आधी पोर्टवर घ्यायचा बाप्पा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी एकदम कमी झालेल्या असतात, त्या काळात १०१ ताप म्हणजे इमर्जन्सी, सकाळच्या गाडीची वाट पाहायची नाही.

दवाखान्यात अँटिबायोटिकच्या आधी दोन ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहायची तपासणी) घेतात, एक पोर्टमधून अन् एक हातातून. पोर्टवाल्या बाटलीत जंतू हातावाल्या बाटलीपेक्षा २ तास किंवा त्याहून जास्त आधी वाढले तर दोष नळीचा धरतात. एक्स-रे सुरुवातीला साफही येऊ शकतो, सीटीत मात्र फुफ्फुसाच्या कडेला गोल ठिपके दिसतात, काही मधून पोकळ. ते पाहून टीबी म्हणा नाहीतर कॅन्सर पसरला म्हणा, दोन्ही गैरसमज होऊ शकतात, अन् घरच्यांचा तर धीरच सुटतो. म्हणून पोर्ट आहे हे डॉक्टरला आपण होऊन सांगा, शर्टाखाली ते काहून दिसणार त्यांना?

स्टॅफ ऑरियस हा जंतू किंवा कँडिडा ही बुरशी निघाली तर पोर्ट काढावाच लागतो. एवढे पैसे घालून बसवलेला काढायचा म्हणून लोक अडून बसतात, पण आत ठेवून नुसती औषधं चालवली तर ताप फिरून फिरून येतो. फुफ्फुसात पसरलेलं असेल तर औषध बहुतेक ४ ते ६ आठवडे चालतं, हृदयाच्या झडपा पाहायला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात, अन् कल्चर साफ आल्यावर गरज असेल तर दुसऱ्या बाजूला नवा पोर्ट बसवून केमो पुढं सुरू होते.